एका रात्रीपुरतं रिकामं घर

"तेलाचा डाग तसाच आहे. मालकाची भिंत म्हणजे लोकांना धर्मशाळा वाटते."

वाईकरकाकू हे माझ्याशी बोलत नव्हत्या, भिंतीशी बोलत होत्या. मी ओट्यावर चढून गॅसमागच्या फरशा घासत होते आणि त्या माझ्या पोटरीला पदर लागेल इतक्या जवळ उभ्या होत्या. काकूंची ती पद्धतच होती. तोंडावर काही म्हणायचं नाही, पण ऐकू जाईल एवढं पुटपुटायचं.

"सोडा टाकून घासते काकू," मी म्हटलं.

"अगं, मी तुला कुठं काय म्हटलं? तू आपली कर सावकाश. टेम्पो चारला येणार ना?"

आज माझ्या स्वतःच्या भिंतीत मी हवे तेवढे खिळे ठोकू शकते. तरी हातोडी उचलली की मागं कुणीतरी पुटपुटल्यासारखं वाटतं आणि हात थबकतो. साताऱ्यात गोडोलीला वाईकरांच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो, तेव्हाची ही गोष्ट.

आमचा करार अकरा महिन्यांचा. तसा तो सगळ्यांचाच असतो. बाकीचे मालक कागद नवा करतात आणि विषय संपवतात. पण वाईकरकाकांच्या थोरल्या भावाच्या घरात एक भाडेकरू शिरला होता, तो त्या भावाच्या तेराव्याचं जेवूनसुद्धा निघाला नव्हता. तेव्हापासून काकांनी ठरवलं होतं, की दर अकरा महिन्यांनी घर नुसतं कागदावर नाही, खरोखर रिकामं झालं पाहिजे. म्हणजे आम्ही चमच्यापासून कपाटापर्यंत सगळा संसार टेम्पोत भरायचा, घर झाडून, पुसून किल्ली द्यायची. काका त्याला स्वतःचं कुलूप लावणार, शेजारच्या दोघांना बोलावून "बघा हं, रिकामं आहे" म्हणून दाखवणार, त्यांना चहा पाजणार. ती एक रात्र घर आमचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या कागदावर सही, थोडं वाढीव भाडं, आणि तोच संसार त्याच टेम्पोतून परत त्याच खोल्यांत.

आमच्यात याला बिऱ्हाडाची प्रदक्षिणा म्हणत. दर वर्षी ती एक महिना मागं सरकायची. एका वर्षी नेमकी गणपतीत आली. काकांनी आमच्या गणपतीची आरती स्वतः म्हटली, प्रसाद घेतला, आणि मग कुलूप लावलं. गणपती माझ्या मांडीवर बसून गावभर फिरला. माणसं वाईट होती असं नाही. सणाला पुरणपोळी यायची, पोरांना ताप आला की काकू काढा करून द्यायच्या. फक्त घर त्यांचं होतं, आणि ते आम्ही विसरू नये एवढीच त्यांची इच्छा होती.

त्या वर्षी प्रदक्षिणा मे महिन्यात आली. पोरं माझ्या माहेरी होती. आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणायचो. कोरेगावकडच्या. उभ्या आयुष्यात सांगितलेल्या किमतीला त्यांनी एक वस्तू घेतली नव्हती. भाजीवाली त्यांना लांबून बघूनच टोपलीवर पदर टाकायची. सासरे गेल्यावर गावचं घर विकलं, ते पैसे आत्यांनी धाकट्याला दिले, विलासभाऊजींना. त्याच पैशावर त्यांनी विसावा नाक्याच्या पुढं फ्लॅट घेतला. आम्हाला त्यातलं काही आलं नाही, आणि का नाही ते आत्यांनी चारचौघांत सांगितलं होतं.

"विलास हिशेबी हाय. ह्याच्या हातात पाणीसुदीक टिकत न्हाई. मे म्हैना आला की आंब्याची पेटी आणतोय. पेटी खाणाऱ्यानं घर बांधल्याचं कुणी ऐकलंय का?"

खोटं नव्हतं ते. आमचे हे कापडाच्या दुकानात होते. पगार झाला की पहिल्या दिवशी राजा आणि शेवटच्या आठवड्यात संन्यासी. मी साड्यांना फॉल लावून चार पैसे बाजूला टाकायचे, तेही कशाकशात जायचे. घर घेण्याबद्दल विचारलं की हे म्हणायचे, "भाड्याच्या घरात माणूस मोकळा असतो. कौल फुटला तर मालक बघेल." कौल फुटला की मालक बघायचे, हे खरं. कौलाकडं बघायचे आणि आम्हाला बादली ठेवायला सांगायचे.

एवढं सगळं असून आत्या राहायला आमच्याकडंच होत्या. कारण फ्लॅटचे हप्ते जड जात होते म्हणून भाऊजींनी आतली खोली कॉलेजच्या दोन मुलांना भाड्यानं दिली होती. स्वतःच्या घरात आईला जागा नव्हती आणि भाड्याच्या घरात होती. यावर मी एकदा आत्यांसमोर हसले, तर त्या आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मग त्यांची डावी बाजू गेली. तोंड जरा वाकडं झालं, शब्द चावून चावून यायला लागले, पुढं पुढं येईनासेच झाले. मोठ्या डॉक्टरांनी आदल्याच आठवड्यात पाहिलं आणि म्हणाले, "आता घरी न्या. सेवा करा." फी घेतली नाही, तेव्हाच आम्ही समजलो.

त्या दुपारी मी फरशा घासत होते आणि वाईकरकाका दाराच्या पायरीवर आले. हे चादरीत भांडी बांधत होते.

"हणमंतराव, एक बोलायचं होतं. वाईट वाटून घेऊ नका."

"बोला की काका."

"आजींचं काय म्हणाले डॉक्टर?"

"सेवा करा म्हणाले."

"तेच ते." काकांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "म्हणजे बघा, उद्या दुपारपासून पंचक लागतंय. मी पंचांग बघितलं. पंचकात घरात काही कमी-जास्त झालं, तर ते घर बंद ठेवावं लागतं म्हणतात. मी मानतो असं नाही, पण आमच्या हिचा जीव लहान आहे. आणि लोकांच्या कानावर गेलं, तर पुढं भाडेकरू मिळणं अवघड होतं."

"भाडेकरू आम्हीच आहोत की काका."

"आहातच. तुम्ही कुठं जाताय? पण तुम्ही अकरा महिन्यांचे, घर आम्हाला कायमचं." ते थांबले. "विलासरावांचं स्वतःचं घर आहे. मुलाच्या स्वतःच्या घरात असणं, त्यासारखं भाग्य नाही या वयात. तुम्ही उद्या सामान घेऊन या, सही करू. आजी आपल्या तिकडंच राहू देत. सगळं पार पडेपर्यंत."

काय पार पडेपर्यंत, हे कुणी विचारलं नाही. हे म्हणाले, "बघू."

आमच्या ह्यांचं सगळं आयुष्य त्या 'बघू'वर उभं होतं. बघू म्हणजे नाही म्हणायचं धाडस नाही आणि हो म्हणायचं मन नाही. काकांनी मात्र तो होकार धरला आणि ते निघून गेले.

मी ओट्यावरून खाली बघितलं. दोन्ही खोल्यांमधला पडदा मी सकाळीच काढून धुतला होता. पलीकडं खाटेवर आत्या उताण्या पडलेल्या, डोळे उघडे, छताच्या कौलांकडं लावलेले.

चारला इकबालभाई टेम्पो घेऊन आला. रात्रीपुरतं भाऊजींच्या फ्लॅटवर जायचं होतं, सामान टेम्पोतच राहणार होतं. दर वर्षी तोच यायचा. आत्या आणि तो यांची दर वर्षी एक लढाई ठरलेली असायची. "तुझा टेम्पो नाक्यापतुर तसाबी रिकामाच जाणार हुता," असं आत्यांनी म्हणायचं, "आजी, मग मला डिझेल नको, पुण्यच द्या," असं त्यानं म्हणायचं, आणि शेवटी आत्या म्हणतील ते तो घ्यायचा.

या वेळी आम्ही आत्यांना खाटेसकट वर चढवलं. कपाट आणि गाद्या यांच्या मधे खाट बसवून दोरीनं आवळली. इकबालभाई मुद्दाम जवळ येऊन म्हणाला, "आजी, यंदा भाडं वाढलंय बरं का. शंभर जादा."

मी वाट बघितली. आत्यांनी मान पलीकडं वळवली. इकबालभाईचा चेहरा उतरला. "राहू दे वहिनी, गेल्या वर्षीचंच द्या," असं म्हणून तो स्टिअरिंगवर जाऊन बसला.

मागं काकांनी कुलूप लावल्याचा आवाज आला. शेजारचे दोघे रिकामं घर बघायला आलेच होते.

मी खाटेजवळ छत्री धरून बसले. उन्हाचा ताव होता. नाक्यावर टेम्पो थांबला, की रिक्षावाले, बसची वाट बघणाऱ्या बायका, सगळे वर बघायचे. कपाट, पिठाचा डबा, उलटं ठेवलेलं टेबल आणि त्यात एक म्हातारी. एक बाई दुसरीला म्हणाली, "घर बदलतायत वाटतं." मला उगाचच खाली उतरून सांगावंसं वाटलं, की नाही हो, घर तेच आहे.

भाऊजींचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. आत्यांना खुर्चीत बसवून ह्यांनी, भाऊजींनी आणि इकबालभाईनं वर नेलं. प्रत्येक वळणावर भाऊजी म्हणत होते, "भिंतीला लागू देऊ नका, रंग नवा आहे." दारावर पितळेची पाटी होती. भाऊजींनी घराला आईचं नाव दिलं होतं, 'अनुसया'. खुर्ची दारातून आत घेताना आत्यांचा चांगला हात त्या पाटीला लागला. शैलानं, माझ्या जावेनं, पाटी लगेच पदरानं पुसली.

"ताई, सोफ्यावर नको हं," ती म्हणाली. "खाली सतरंजी घालू. आणि हे प्लास्टिक. गैरसमज नको, पण फरशीच्या फटी पांढऱ्या आहेत."

आत्यांना हॉलमध्ये खाली निजवलं. वर भिंतीवर वास्तुशांतीचा फोटो होता. माघात झाली होती ती. फोटोत होमाशेजारी भाऊजी आणि शैला, आणि कडेला, अर्ध्या कापलेल्या, आत्या. तेव्हा चालत होत्या.

जेवताना मी आत्यांना मऊ भात भरवून आले. आमटी चांगली झाली होती, शैलाच्या हाताला चव आहे, ते कबूल करायला हवं. भाऊजींनी ताटात पाणी फिरवलं आणि म्हणाले, "दादा, सरळ बोलू?"

"बोल की."

"आई इथं चार दिवस राहायला माझी ना नाही. माझी आई आहे. पण डॉक्टर काय म्हणाले ते तूच सांगितलंस. उद्या काही कमी-जास्त झालं तर..." ते शैलाकडं बघून थांबले.

शैला म्हणाली, "वास्तुशांतीला वर्ष झालं नाही अजून. गुरुजींनी सांगितलंय, वर्षाच्या आत घरात काही अशुभ नको. मी माझ्यासाठी नाही बोलत. घर वीस वर्षं फेडायचंय आम्हाला. सुरुवातच अशी झाली तर..."

"आणि आतली मुलं," भाऊजी म्हणाले. "पेइंग गेस्ट. घाबरून सोडून गेली, तर हप्ता कोण भरणार? दादा, जबाबदारी म्हणजे काय असते ते तुला नाही कळायचं. तू कधी डोक्यावर घेतलीच नाहीस. तुझं बरं आहे. भाड्याचं घर. तिथं काही कमी-जास्त झालं तरी जाणार ते मालकाचं. तुझं काय जाणार आहे?"

हे ताटाकडं बघत बसले. भाताचं एक शीत बोटानं कडेला नेत होते.

मला वाटलं, आता बोलतील. वाईकरकाका काय म्हणाले ते सांगतील. निदान आंब्याची पेटी घेणारा माणूस भांडण तरी उधळ्यासारखं करेल. ते म्हणाले, "बघू. सकाळी बघू."

"भाऊजी," मी म्हटलं, "वाईकरकाका घेणार नाहीत आत्यांना परत. त्यांनी सांगितलंय. पंचक आहे उद्यापासून."

"असं कसं? तुम्ही भाडं भरता ना? ज्यानं भाडं घेतलं त्यानं माणसं घ्यायला नकोत?" भाऊजींचा आवाज चढला, मग त्यांनी हॉलकडं बघून तो खाली आणला. "मी येतो सकाळी. मी बोलतो त्यांच्याशी. कायदा आहे की नाही?"

शैला उठता उठता माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, तुम्ही समजून घ्या. स्वतःचं घर झालं ना, की कळेल तुम्हाला."

हॉल तिथून दोन पावलांवर होता. दाराला पडदा होता, पण पडद्याला कान नसतात असं कोण म्हणेल? मी आत्यांचं पांघरूण नीट करायला गेले. त्यांचे डोळे मिटलेले होते, पण चांगला हात कमरेशी होता. कमरेला त्यांचा बटवा असायचा, काळ्या दोऱ्याचा. आजवर तो त्यांनी कुणाला सोडू दिला नव्हता, अंघोळीलासुद्धा नाही. त्यात त्यांनी आपल्या सरणाच्या लाकडांचे पैसे ठेवलेत, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. "पोरांच्या जिवावर जळणार न्हाई मी," असं त्या धडधाकट असताना हसून सांगायच्या.

मी त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. वीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी तो झटकला नाही, हेच मला जास्त लागलं.

सकाळी भाऊजी स्वतः लवकर उठले. आईचं तोंड स्वतः पुसलं, केस विंचरले, खुर्ची स्वतः उचलली. उतरताना रंगाबद्दल काही बोलले नाहीत. शैला दारात उभी होती. आत्यांच्या पाया पडली. "लवकर बऱ्या व्हा आणि राहायला या," म्हणाली. ती वाईट बाई नव्हती. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. दार मात्र तिनं खुर्ची पहिल्या वळणावर पोचायच्या आतच लावून घेतलं.

इकबालभाईनं काही न विचारता खाट बांधली. भाऊजी स्कूटरवर मागं मागं. मी पुन्हा छत्री धरून बसले. आत्यांचा श्वास आत जाताना अडखळत होता. टेम्पोनं खड्ड्यात आपटी खाल्ली, की माझा हात आपोआप त्यांच्या नाकाशी जायचा. रस्त्यात तेवढं होऊ नये, एवढंच मी म्हणत होते. घरात नको, फ्लॅटात नको, मग टेम्पोत तरी कसं चालेल?

वाईकरांच्या फाटकाशी काका उभे होते. अंघोळ झालेली, कपाळाला गंध, हातात किल्ली आणि नवा कागद. काकूंनी चहाचा ट्रे आणला होता, दर वर्षीसारखा. टेम्पोत खाट दिसली आणि ट्रे तिथंच थांबला.

"हणमंतराव," काका हळू म्हणाले, "आपलं काय ठरलं होतं?"

हे टेम्पोच्या फळीला हात लावून उभे राहिले. 

भाऊजी स्कूटर लावून पुढं झाले. "नमस्कार काका. मी विलास. तुम्ही वडीलधारे आहात म्हणून बोलतो, पण हे काही बरोबर नाही. अकरा महिन्यांचं भाडं घेता, त्यात घरची माणसं आली."

"तुमच्याही घरची आहेत ना त्या?" काका हसून म्हणाले. "तुमचं तर स्वतःचं आहे. आम्ही ऐकतो, आईचं नाव दिलंय घराला. फार बरं वाटलं ऐकून."

"आमचं वर्ष झालं नाही वास्तुशांतीला."

"आमचं पंचक आहे."

"तुम्ही शिकलेले असून पंचक मानता?"

"तुम्ही शिकलेले असून वर्ष मोजताच ना?"

दोघंही अगदी सौम्य बोलत होते. कुणाचा आवाज चढत नव्हता. काकूंनी मधेच सगळ्यांना चहा दिला. भाऊजींनी कप घेतला, काकांनी घेतला. दोघं चहा पीत फाटकाच्या दोन बाजूंना उभे होते. इकबालभाईनं कप नको म्हटलं. वर उन्हात खाटेवर आत्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही.

"बशीत ओतून देऊ का आत्या?" मी वाकून विचारलं. त्यांनी ओठ मिटून घेतले.

"हे बघा," काका म्हणाले, "मी माणुसकी सोडून बोलत नाही. पण काही कमी-जास्त झालं तर उद्या गल्लीत..."

"तेच आमच्याकडं," भाऊजी म्हणाले. "कमी-जास्त झालं तर सोसायटीत..."

"दवाखान्यात ठेवलं तर?" काकू कपांकडं बघत पुटपुटल्या. "तिथं काय, रोजचंच असतं त्यांना."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे खाली बघत होते. मला माहीत होतं, ते आता काय म्हणणार. ओठ हललेच होते.

तेवढ्यात दोरीनं बांधलेली खाट करकरली.

आत्यांनी चांगल्या हातानं खाटेची कड धरली होती आणि त्या मान उचलायला बघत होत्या. मी पाठीखाली हात घातला. किती हलक्या झाल्या होत्या. वाकड्या तोंडातून लाळ आली ती मी पदरानं पुसली. त्यांनी माझा हात बाजूला केला. मग कमरेशी चाचपून बटवा ओढला. दोरा तुटला. बटवा त्यांनी पोटावर ठेवला आणि वरून खाली बघितलं. आधी धाकट्याकडं, मग थोरल्याकडं, मग फाटकातल्या माणसाकडं. भाजीवालीकडं बघायच्या ना, टोपली खाली ठेवायच्या आधी, अगदी तसं.

"मालक," त्या म्हणाल्या. शब्द चावत आला, पण आला. "मरायचं भाडं काय घ्याल?"

भाऊजी म्हणाले, "आई, काय बोलतेस हे..."

आत्यांनी तिकडं बघितलंच नाही. त्यांनी बटवा काकांच्या दिशेनं सरकवला.

"नीट सांगा. एका दिसाचं. अकरा म्हैनं न्हाई लावायची मी."